चालता येत नाही, सायकल येते

मी गणित शिकवायचे. बीडमधल्या मुलींच्या शाळेत, आठवी ते दहावी, सव्वीस वर्षं. माझं फळ्यावरचं अक्षर चांगलं होतं. हे मी माझ्याच तोंडानं सांगते, कारण आजाराची सुरुवात त्या अक्षरापासून झाली.

एके दिवशी नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, खालची ओळ दिसत न्हाई." मी तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. आठवडाभरात आणखी दोघींनी तीच तक्रार केली. त्यांनाही डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. त्यातल्या एकीचे वडील फळांचा गाडा लावायचे. ते गाडा बंद ठेवून पोरीला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला म्हणाले, "बाई, पोरीचे डोळे एकदम साफ हायेत. नंबरबिंबर काय न्हाई."

ते गेल्यावर मी रिकाम्या वर्गात गेले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्यावर माझंच गणित होतं. पहिली ओळ ठसठशीत. दुसरी जरा बारीक. पाचव्या ओळीपर्यंत आकडे मुंग्यांएवढे झालेले, आणि ओळ उजवीकडे वर चढत गेलेली. लिहिताना मला ते नेहमीसारखंच वाटलं होतं. माझा हात मला न सांगता आखडत चालला होता.

पण तेव्हाही मी आजारी आहे असं मला वाटलं नाही. उजवा खांदा दुखायचा. खांद्यावर आठ महिने शेक आणि व्यायाम झाले. ब्लाउजची बटणं लावायला वेळ लागायला लागला. घरात वेगळीच कुरबुर सुरू झाली. हे, म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. दिवसभर घरात. एकदा ताट सरकवून म्हणाले, "तोंड कावून फुगलंय सारखं? मी घरात असतो ते आवडत नाही का तुला?" मला राग आलेलाच नव्हता. आरशात पाहिलं तर चेहरा खरंच दगडासारखा झाला होता. आतून मी हसत होते आणि बाहेर काही येत नव्हतं.

निदान झालं तो दिवस

छत्रपती संभाजीनगरच्या एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या बोळकांडीत चालायला लावलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर टेकवायला लावलं. मग कोरा कागद देऊन म्हणाले, "तुमचं नाव पाच वेळा लिहा." मी लिहिलं. त्यांनी कागद उचलून माझ्याकडे वळवला. पाचवी जयश्री वाचायला भिंग लागलं असतं.

"पार्किन्सन्स," डॉक्टर म्हणाले. "मराठीत कंपवात म्हणतात."

"पण माझा हात थरथरत नाही," मी म्हटलं. विद्यार्थिनीनं उत्तर चुकीचं तपासलंय म्हणून भांडावं, तशा सुरात.

"सगळ्यांचा थरथरत नाही."

यांनी विचारलं, "किती दिवसांत बरी होईल?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "हा बरा होणारा आजार नाही, काका. हा सांभाळायचा आजार आहे."

परतीच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. हे घरातल्या गळक्या नळाबद्दल बोलत राहिले. नळ कधी दुरुस्त करायचा, कोणाला बोलवायचं. गेवराईला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून चहा घेतला आणि कप माझ्या तोंडाला लावला. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. "मला हात आहेत अजून," असं म्हणून मी कप हिसकावून घेतला. निम्मा चहा त्यांच्या पँटवर सांडला. 

पाय

गोळ्यांनी पहिली दोन वर्षं बरी गेली. अक्षर पुन्हा मोठं झालं, चेहऱ्यावर हसू दिसायला लागलं. तिसऱ्या वर्षी पाय अडायला लागले.

ज्यांचे अडतात त्यांनाच हे कळतं, तरी सांगून बघते. पायांत ताकद असते. खुर्चीत बसून मी हवे तसे पाय झाडू शकते. पण उभं राहून पहिलं पाऊल टाकायचं म्हटलं की तळवे फरशीला चिकटतात. अंग पुढे निघतं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर आपटतं. अरुंद जागा आली की जास्त, कोणी घाई केली की त्याहून जास्त. दरवाजा म्हणजे तर भिंतच.

शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मी व्हरांड्यात अडकले. तीनशे मुली माझ्या दोन्ही बाजूंनी वाहून गेल्या. सातवीतली एक चिमुरडी थांबून म्हणाली, "बाई, कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय सांगणार? त्याच महिन्यात मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

गोळ्यांचं प्रमाण नव्यानं बसवायला मला पाच दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी सहाला गोळी, मग दर तासाला सिस्टर येऊन बोटं टेकवायला लावायची, चालायला लावायची आणि वहीत लिहायची. दुपारी सगळ्या वॉर्डात एकच आवाज, वरच्या पंख्याचा. तिथं फरशी पुसणाऱ्या एक मावशी होत्या. दोन दिवस त्यांनी मला संडासाच्या दारात अडकलेली पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी आणली, पलंगापासून दारापर्यंत जमिनीवर हात-हातभर अंतरानं आडव्या पट्ट्या लावल्या आणि म्हणाल्या, "आता चालू नका. नुसत्या पट्ट्या वलांडा."

मी पहिली पट्टी ओलांडली. मग दुसरी. दारातून पलीकडे गेले. मला हुंदका फुटला. मावशी म्हणाल्या, "मागं एक आजोबा होते, त्यांना असंच जमायचं."

घरी आल्यावर यांनी खडूनं घरभर आडव्या रेघा मारल्या. फरशी पुसली की त्या जायच्या, हे पुन्हा मारायचे. कालव्याची आखणी करणारा माणूस, रेघा अगदी मापात. पण रोज चोवीस तास एकमेकांसमोर असलं की प्रेमाचाही चिडचिडाट होतो. दारात मी अडकले की हे मागून म्हणायचे, "टाक ना पाय. अगं, टाक ना!" तेवढं म्हटलं की उरलासुरला पायही बसायचा. एकदा त्यांनी वैतागून मला पाठीत ढकललं. मी पडले. ते तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मुलगी अश्विनी पुण्याहून फोनवर म्हणायची, "आई, दोघं इकडे या." मी म्हणायचे, "तुझ्या घरात तर दरवाजेच दरवाजे आहेत."

बशीरगंज

निदानाला चार वर्षं झाली होती. हे बशीरगंजातल्या मेडिकलवर माझ्या गोळ्या आणायला गेले होते आणि मला पायरीपाशी उभं केलं होतं. ऊन आलं म्हणून मी समोरच्या सावलीत जायला निघाले, आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध पाय बसले. एक रिक्षावाला भोंगा वाजवत होता. भोंगा वाजला की पाय आणखी घट्ट.

समोर सायकलचं दुकान होतं. दुकानातून पांढऱ्या दाढीचे, ग्रीसनं हात काळे झालेले उस्मानभाई बाहेर आले. त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. "तस्लीमच्या बाई ना तुमी?" म्हणाले. "काय झालं?"

"पाय उचलत नाहीत."

त्यांनी रिक्षावाल्याला हात दाखवून थांबवलं. दुकानासमोर दुरुस्त होऊन उभी असलेली एक लेडीज सायकल आणून माझ्या हातात दिली. "आदमी धरण्यापेक्षा ही धरा. हिला ढकला. ही चालली की तुमी चालता."

मी हँडल धरलं, ढकललं. चाक फिरलं आणि त्याच्या बाजूनं माझं पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसरं.

तिथं रस्त्याला थोडा उतार आहे. अंबाजोगाईला कॉलेजात असताना मी सायकलवर जायचे. लग्नानंतर चौतीस वर्षं सायकलला हात लावला नव्हता. पण सायकल उतारावर पुढं सरकली, आणि माझा डावा पाय, मी न सांगता, पेडलवर गेला. उजव्यानं दोनदा रेटा दिला. मग तो पाय मधून पलीकडे गेला आणि मी सीटवर बसले होते.

पाय फिरत होते. माझे पाय. एकामागून एक, न अडता, न विचारता. फळांचे गाडे मागे गेले, चहाचं हॉटेल मागे गेलं, मशिदीची भिंत मागे गेली. कानाला वारा लागत होता. चार वर्षांत माझ्या कानाला वारा लागला नव्हता, कारण वारा लागण्याइतकी मी कधी हललेच नव्हते. कोणीतरी माझं जुनं शरीर कपाटातून काढून, इस्त्री करून मला परत दिलं होतं.

मी पुढच्या कोपऱ्यावरून वळसा घातला आणि परत आले. तेव्हा हे मेडिकलमधून बाहेर पडत होते. त्यांनी मला पाहिलं, आणि मग माझ्या मागे पाहिलं. मला कोण ढकलतंय ते बघत होते.

मग माझ्या लक्षात आलं की थांबायचं म्हणजे पाय खाली टेकायचा, आणि पाय टेकायचं मला जमणार नाही. मी पुन्हा वळसा घातला. तिसऱ्या फेरीला ओरडले, "उस्मानभाई, मला उतरता येत नाही!"

उस्मानभाई चपला टाकून धावले आणि मागून कॅरिअर धरलं. यांनी पुढून हँडल पकडलं. मी उतरले, उभी राहिले, आणि पाय जमिनीला चिकटले. आताच ज्या पायांनी तीन फेऱ्या मारल्या, त्यांना वीतभर पुढं जाता येईना. भोवती माणसं जमली होती.

उस्मानभाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, पुन्हा पायांकडे पाहिलं. अगदी मनापासून, हळू आवाजात विचारलं, "बाई, राग मानू नका. तुमी खोटं तर करत न्हाई ना?"

"मलाही तेच वाटतंय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी काय सांगितलं

ती सायकल आम्ही उस्मानभाईंकडून विकत घेतली. पुढच्या तपासणीला जीप केली आणि सायकल टपावर टाकून नेली. दवाखान्याच्या आवारात मी डॉक्टरांना चालवून दाखवली. त्यांनी आतून सिस्टरना आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलावून घेतलं. पोरं मोबाइल काढायला लागली तर त्यांना दटावलं, "डोळ्यांनी बघा आधी."

मग मला म्हणाले, "मी हे वाचलं होतं, बाई. बघतोय पहिल्यांदा."

असं का होतं, मी विचारलं. ते म्हणाले, "चालायचा हुकूम मेंदू ज्या वाटेनं धाडतो, ती तुमची बंद पडत चाललीय. सायकलची वाट बहुतेक वेगळी आहे. बहुतेक म्हणतो, कारण नक्की अजून कोणालाच माहीत नाही." मी गणिताची बाई, मला सिद्धता लागते. पण त्या दिवशी, माझ्या शरीराबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस "माहीत नाही" म्हणाला, आणि मला भीती वाटण्याऐवजी अंगावर काटा आला. माझ्या डोक्यात मला कधीच न दिसलेली एक वाट होती आणि ती उघडी होती.

त्यांनी अटी घातल्या. एकटीनं कधीही नाही. गर्दीत नाही. हेल्मेटशिवाय नाही. आणि चढताना-उतरताना धरायला माणूस हवंच.

बाईंचा थांबा

बीडमध्ये दर रविवारी पहाटे सायकली घेऊन बाहेर पडणारी वीस-बावीस माणसं आहेत हे मला माहीत होतं. रंगीत कपडे आणि हेल्मेट घातलेली ती मंडळी आमच्या घरावरून जायची तेव्हा हे म्हणायचे, "यांना घरी कामं नाहीत का?" त्यांच्या सायकली उस्मानभाईच बघायचे. त्यांनी त्या लोकांना माझी गोष्ट सांगितली.

एका संध्याकाळी दातांच्या डॉक्टर सुरेखा सानप आमच्या घरी आल्या. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्या गटाच्या पुढारी त्याच. हातात एक हेल्मेट होतं. मला वाटलं, माझं कौतुक करतील, धीर वगैरे देतील. त्या म्हणाल्या, "बाई, आम्हाला धरायला शिकवा."

मग दीड महिना, रोज सकाळी, एका कॉलेजच्या मैदानावर मी पुन्हा शिकवणी घेतली. विद्यार्थी म्हणजे एक वकील, एक हवालदार, एक शेतकी खात्यातले साहेब, दोन शिक्षिका आणि सानप मॅडम. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकदम धरलं आणि आम्ही सातही जण आडवे झालो. हवालदार मातीत पडल्या पडल्या म्हणाले, "बाई, असा घोळका तर आमी चोरालाबी घालत न्हाई."

हळूहळू रीत बसली. थांबायच्या जागेच्या आधी दोघं पुढं जाऊन उतरायचे आणि रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहायचे. मी त्यांच्या मधून हळू यायचं. एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं कॅरिअर, तिसऱ्यानं माझी कंबर. कोणी "थांबा आला" असं ओरडायचं. त्या जागेला सगळे बाईंचा थांबा म्हणायला लागले.

मग पालीचा रस्ता. गावाबाहेरपर्यंत मी आणि सायकल टेम्पोत, तिथून पुढं आम्ही सगळे सायकलवर, बिंदुसरेच्या धरणापर्यंत. पहिल्यांदा गेले त्या दिवशी मी मधे होते. पुढं दोघं, मागं दोघं, उजवीकडे सानप मॅडम. नुसता साखळ्यांचा आवाज. बाजूच्या वावरात ज्वारी कमरेएवढी झालेली. मी जन्मभर या जिल्ह्यात राहिले, हा रस्ता एसटीतून शंभरदा पाहिला, पण ज्वारीच्या ताटांचा वास इतका दाट असतो हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. धरण दिसलं तेव्हा पाण्यावर ऊन आलेलं होतं. एवढं पाणी, आणि ते बघायला मी माझ्या पायांनी आले होते. फक्त ते जमिनीला लागले नव्हते.

मेंढरं

चौथ्या की पाचव्या रविवारी, पालीच्या अलीकडे, एका बांधावरून मेंढरांचा कळप रस्त्यावर उतरला. पुढचे दोघं निसटून पलीकडे गेले. मधे मेंढरांची लोकरी भिंत झाली. सानप मॅडमना ब्रेक मारावा लागला. मी कुठं थांबणार? समोर मेंढरं, धरायला कोणी नाही. मी हँडल डावीकडे वळवलं आणि नांगरलेल्या वावरात गेले. ढेकळांत चाक रुतलं. उजव्या हातावर पडले. मनगटातून आवाज आला तो मलाही ऐकू आला.

सगळ्यात आधी पोचली ती मेंढरं राखणारी बाई. तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला दुधाचा आणि धुराचा वास येत होता. "लई लागलं का गं, माय?" म्हणाली. मला उभं करायला लागली तर पाय हलेनात. सानप मॅडम समजावून सांगायला लागल्या, तर तिनं हातानं थांबवलं. "कळलं. हिचे पाय झोपलेत. झोपू द्या जरा." आणि खाली बसून माझ्या पिंढऱ्या चोळत राहिली. दहा मिनिटं सगळी मेंढरं आणि सगळे सायकलवाले तिच्यासाठी उभे होते.

प्लास्टर सहा आठवडे. यांनी सायकल उस्मानभाईंकडे परत नेऊन दिली, मला न विचारता. "झालं तेवढं बास," एवढंच म्हणाले. मी भांडले नाही. त्यांचीही चूक नव्हती. रात्री मी कूस बदलली तरी ते दचकून उठायचे.

ते सहा आठवडे या आजारातले सगळ्यात वाईट. एक हात बांधलेला, पाय अडलेले, चेहरा पुन्हा दगड. खडूच्या रेघाही कामी येईनात. मी दिवसच्या दिवस खिडकीशी बसून राहायचे. निदानाच्या दिवशी मला मरणाची भीती वाटली होती. आता वेगळीच भीती वाटत होती, की असंच खूप वर्षं जगावं लागेल.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात सानप मॅडम आल्या. बरोबर उस्मानभाई. माझ्याशी न बोलता त्या यांच्या समोर बसल्या.

"काका, तुम्ही बाईंना पडलेलं बघितलंय. चालवताना बघितलंय का?"

"बशीरगंजात बघितलं की."

"तीन फेऱ्या. धरणापर्यंत बघा एकदा. स्कूटरवर मागं या. मग तुम्ही म्हणाल ते."

उस्मानभाईंनी हळूच म्हटलं, "साहेब, सायकल मी कुणाला विकली न्हाई. तेल घालून ठेवलीय."

त्या रविवारी हे स्कूटरवर आमच्या मागं निघाले. सगळा रस्ता मला त्यांच्या स्कूटरचा फटफट आवाज मागून ऐकू येत होता, एकाच अंतरावर. मी वळून बघू शकत नव्हते. धरणाशी थांबा आला. सानप मॅडमनी धरणाऱ्यांना बाजूला केलं आणि यांना म्हणाल्या, "काका, आज तुम्ही धरा." यांनी स्कूटर लावली, माझ्यासमोर येऊन पाय फाकवून उभे राहिले आणि हँडल असं घट्ट धरलं की सायकल जागच्या जागी थिजली.

मी उतरले. कठड्यापर्यंत दहा पावलं होती. ती टाकायला मला किती वेळ लागला माहीत नाही. ते बाजूला उभे होते, काहीही न बोलता, पाण्याकडे बघत. कठड्याशी पोचल्यावर म्हणाले, "जया, नऊ किलोमीटर मी मागून बघत होतो. पाठ ताठ, मान ताठ. मागून आजार दिसतच नव्हता. मला वाटलं, मागच्या चार वर्षांत आपण काहीतरी चुकीचं ऐकलं." आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, डोळे नाही, चष्माच.

ज्यांना हाच आजार आहे त्यांच्यासाठी

हे वाचून कोणी लगेच सायकल काढू नये. आमच्याकडे केज तालुक्यातून एक गृहस्थ आले होते, त्यांना जमलं नाही. त्यांचा तोल जायचा. ते नाराज झाले, मीही झाले. पण हवालदारांनी त्यांना मैदानावर तालात पाय टाकत चालायला लावलं, डावा-उजवा करत, परेडसारखं, आणि ते शंभर पावलं न अडता गेले. तेही तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत राहिले. तुमची वाट कोणती उघडी आहे ते मला माहीत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि बघत राहा.

माझा आजार वाढतो आहे. गोळ्या आता दिवसातून सहा वेळा लागतात. जेवताना हे माझी पोळी तुकडे करून देतात आणि मी हात झटकत नाही. सायकल किती वर्षं राहील, मी विचारत नाही. यांनी आता स्वतःसाठी एक घेतलीय. चढावर मागं राहतात आणि मला हाका मारतात.

कपिलधार

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही कपिलधारच्या देवस्थानाला गेलो. माझ्यासाठी आजवरचं सगळ्यात लांबचं अंतर. शेवटच्या उतारावर हे आणि हवालदार दोन्ही बाजूंनी होते. थांबा आला, मला धरलं, उतरवलं. तिथून पुढं पायऱ्या. पायऱ्या मला सपाट जमिनीपेक्षा बऱ्या जातात, प्रत्येक पायरी म्हणजे एक पट्टीच. पण पहिल्या पायरीपर्यंत सपाट जागा होती, तिथं दोघांनी मला दंडाला धरून नेलं.

दर्शनाला आलेली एक म्हातारी कठड्याशी बसली होती. तिनं विचारलं, "कावून धरलंय रे हिला?"

"हिला चालता येत न्हाई, आजी," हे म्हणाले.

"मंग आली कशी?"

"सायकलवर. बीडवरून."

म्हातारीनं माझ्या पायांकडे पाहिलं. सायकलकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही हसेल, किंवा उस्मानभाईंसारखं विचारेल. ती उठली, सायकलपाशी गेली, हँडलला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग माझ्याकडे आली आणि तसाच माझ्या गुडघ्याला लावून कपाळाला लावला. जाऊन परत आपल्या जागी बसली.

मला तिला सांगायचं होतं की यात देवाचं काही नाही, हे डॉक्टरांना ठाऊक आहे, मेंदूत एक दुसरी वाट असते. मी सांगितलं नाही. डॉक्टरही "बहुतेक" म्हणाले होते.

आम्ही पायऱ्या उतरलो. एक, एक, एक. खाली धबधबा पूर्ण भरून कोसळत होता. त्याचे तुषार सगळ्यांच्या चेहऱ्यावर येत होते. थोड्या वेळानं मंडळी दर्शनाला पुढं निघाली आणि यांनी विचारलं, "जायचं का?"

मी मान हलवली, नाही म्हणून. मी तिथंच उभी राहिले, वर बघत. पाय हलले असते तरी मी तिथून हलले नसते.